यू म्हणजे उरण

परवा ऑफिसात मुंबईच्या एका नव्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याचा कंटेनर न्हावा शेव्याच्या बंदरात उतरला होता आणि आमची गाडी कुठवर आली ते त्याला हवं होतं. खात्री करावी म्हणून मी नंबर वाचून दाखवला, "पी पनवेल, टी तळोजा, जे जासई, यू उरण..." तो गृहस्थ मधेच म्हणाला, "उरण? मॅडम, यू फॉर अंब्रेला असतं ना?" मी म्हटलं, "तुमच्याकडे असेल. आमच्याकडे उरणच." मोठ्या तोऱ्यात म्हटलं, पण फोन ठेवल्यावर मला पुढचं काम सुचेना.

ही बाराखडी आमच्या प्रधान मॅडमची. त्या जाऊन आता वर्ष होत आलं. पावसाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि गेल्या. पण माझ्या हिशेबी त्या त्याआधीच गेल्या होत्या, ऑफिसात, भरदिवसा, आमच्या सगळ्यांच्या देखत. ते कसं, तेच सांगायचं आहे.

आमची कंपनी ट्रेलरची. बंदरातून आणि जासईच्या गोदामांतून कंटेनर उचलायचे आणि तळोज्याच्या, पाताळगंगेच्या कारखान्यांत पोचवायचे. मालक नानाशेठ. वडिलांची भातशेती होती, ती सरकारने संपादनात घेतली, आलेल्या पैशांतून त्यांनी गाड्या घेतल्या आणि नव्या पनवेलात हे ऑफिस थाटलं. कोणती गाडी कोणता कंटेनर उचलणार हे ठरवायचं टेबल प्रधान मॅडमचं. बिलांचं माझं. टेबलाला टेबल लागून, त्यामुळे त्यांचं सगळं आयुष्य माझ्या कानांवरून गेलं.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती लपवून गंमत आणण्यात मला रस नाही. मॅडमची नजर जात होती. डोळ्यांच्या आतला पडदा हळूहळू झिजत जातो, असा त्यांच्या घराण्यातला आजार. कागदाची सुरळी करून तिच्यातून बघावं, तेवढंच त्यांना दिसायचं, आणि ती सुरळी दरवर्षी अरुंद होत होती. आम्हाला कोणालाच हे ठाऊक नव्हतं. चष्मा नव्हता ना. डोळे दिसायला टपोरे, सुंदर. बाई बघता बघता आंधळी होत होती आणि आम्ही म्हणायचो, मॅडमना काय बाई गर्व, समोरून गेलं तरी ओळख देत नाहीत.

बांधा किरकोळ, साडी सुती आणि कडक इस्त्रीची, आवाज मात्र पहाडी. सकाळी आल्या की आधी टेबलावरून हात फिरवायच्या. फोन उजवीकडे, पाण्याची बाटली डावीकडे, पेन कीबोर्डच्या वर आडवं. एकदा कोणीतरी पॅसेजमध्ये पाण्याचा नवा कूलर आणून ठेवला आणि मॅडम त्याच्यावर जाऊन आदळल्या. लागलं बरंच, पण त्या भडकल्या त्या कूलर ठेवणाऱ्यावर. "ऑफिस आहे का गोडाऊन? जी वस्तू जिथे आहे तिथे राहिली पाहिजे!" तेव्हापासून आमच्याकडे खुर्चीसुद्धा कोणी वीतभर सरकवत नसे. शिस्त म्हणजे शिस्त, असं आम्ही कौतुकाने बाहेर सांगायचो.

नंबर वाचून दाखवण्याची पद्धतही त्यांचीच. कंटेनरचा नंबर म्हणजे चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे, त्यातला शेवटचा आकडा बाकीच्यांचा ताळा जुळवायला. मॅडम कागद हातात घ्यायच्याच नाहीत. "वाचून दाखव," म्हणायच्या. कोणीही असो, शेठ असो की ड्रायव्हर, नंबर मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येक अक्षराला गाव लावायचं. पी पनवेल, टी तळोजा, के कर्जत. चौथं अक्षर जवळजवळ नेहमी यू, त्यामुळे आमच्या ऑफिसात देवाचं नाव घेतलं जात नसेल इतकं दिवसभर उरणचं नाव घेतलं जाई. झारखंडचे ड्रायव्हर ज्यांनी उरण धड पाहिलंही नव्हतं तेसुद्धा फोनवर "उरण, मॅडमजी, उरण" करत असत.

आता ऑफिसातल्या सॉफ्टवेअरबद्दल. आमच्याकडे होतं ते पनवेलच्याच एका मुलाने बनवलेलं, जुनं, काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं. मुलगा कधीच परदेशी गेला. माउस त्या सॉफ्टवेअरला लागायचा नाही. सगळं बोटांवर. टॅब, टॅब, नंबर, एंटर. नंबर बरोबर असेल तर एक टुक् आवाज यायचा, चुकला असेल तर दोन. हे आवाज मॅडमनीच सुरुवातीला त्या मुलाकडून करवून घेतले होते. "फोनवर बोलताना स्क्रीनकडे बघत बसायला मला वेळ नाही," असं त्याला कारण दिलं होतं. त्यांचे हात कीबोर्डवर, मान खिडकीकडे, आणि टुक्, टुक्, टुक् काम चालू. नवखा माणूस बघतच राहायचा.

ऑफिसात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मात्र हसायचं. "अजून हे वापरता तुम्ही?" कारण तोवर सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे ते एक नावाजलेलं सॉफ्टवेअर आलं होतं. नानाशेठ बाहेर कुठे मीटिंगला गेले की हमखास ते बघून यायचे आणि आल्या आल्या मॅडमच्या टेबलापाशी उभे राहायचे.

"मॅडम, सगल्यांकडं हाय ते. नकाशावर गाड्या चालताना दिसतात. आपल्याकडंच नाय."

"शेठ, नकाशावर गाड्या चालवायच्यात की रस्त्यावर?"

"तसं नाय ओ. लोक इचारतात, तुमी कंचा सॉफ्टवेअर वापरता? मी काय सांगू, काला पडदा?"

"सांगा, घरचं आहे. घरचं सांगायला लाज कसली?"

शेठ हसत केबिनमध्ये जायचे. पण विषय संपायचा नाही. मग मॅडम कंपन्यांच्या माणसांना बोलवायच्या, आपलं आणि त्यांचं शेजारी शेजारी ठेवून तुलना करायच्या. प्रश्न त्यांचे ठरलेले आणि चमत्कारिक. आवाज येतो का? माउसशिवाय चालतं का? रकान्यांची जागा पुढच्या वर्षी बदलणार तर नाही ना? विकायला आलेली मुलं गोंधळून जायची, त्यांना वाटायचं बाई खर्चाचं विचारतील. आणि सगळ्यात शेवटी मॅडमची परीक्षा. "डोळे मिटून एक गाडी बुक करून दाखवा."

ही परीक्षा त्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या माणसाची घेतली तो दिवस मला चांगला आठवतो. टाय लावलेला, हसतमुख माणूस, डिसूझा की कोण. अख्खं ऑफिस त्याच्या लॅपटॉपभोवती जमलेलं. नकाशावर गाड्या खरंच मुंग्यांसारख्या चालत होत्या आणि मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. गिऱ्हाइकाला फोनवर गाडी दिसते, ड्रायव्हरला जेएनपीटी बंदराच्या रांगेत तासन् तास ताटकळावं लागत नाही. चांगलंच होतं ते. मॅडमनी आपली परीक्षा काढली, तशी तो म्हणाला, "मॅडम, डोळे मिटून काम कोण करतं?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला, डोळे घट्ट मिटले आणि मला म्हणाल्या, "शैला, नंबर वाच." मी वाचला. टॅब, टॅब, टुक्. दुसरा वाचला. टुक्. मुद्दाम एक आकडा चुकवून वाचला तर दोन आवाज आले आणि त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "चावटपणा पुरे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डिसूझानेही वाजवल्या. शेठ तर म्हणाले, "आमच्या मॅडम म्हंजे मॅडम!" जादूचा खेळ बघावा तसं सगळं ऑफिस खूश झालं. बाईने सगळ्यांसमोर आपलं दुखणं उघडं करून ठेवलं होतं आणि आम्ही वन्स मोअर मागत होतो.

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे बरोबर निघालो. अंधारायला लागलं की रस्ता ओलांडताना मॅडम माझं कोपर धरायच्या. ती त्यांची सवय होती आणि मी तिला जिव्हाळा म्हणायचे. जिव्हाळाही होताच तो. त्या दिवशी ट्रेलरची रांग संपता संपेना, आम्ही कडेला उभ्या होतो आणि त्या एकदम म्हणाल्या, "शैला, मला आत्ता तू दिसत नाहीयेस."

मला वाटलं थट्टा. मी म्हटलं, "हो का? मग माझा आजचा पगार कापा."

"खरंच दिसत नाहीयेस गं. आवाज येतोय फक्त."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिथेच, हॉर्नच्या गोंगाटात. त्यांच्या वडिलांनाही हेच झालं होतं. ते मिठागराच्या कचेरीत नोकरीला होते. नजर गेल्यावर घरच्यांनी त्यांच्यासाठी खिडकीशी खुर्ची टाकली. "कोणी छळ केला नाही हं त्यांचा," मॅडम म्हणाल्या. "सगळे चांगलेच वागले. पाणी हातात, ताट हातात. तुम्ही बसा बाबा, आम्ही करतो. मग हळूहळू त्यांना काही विचारायचंच बंद झालं. माझ्या भावाची मुंज कधी ठरली तेसुद्धा त्यांना आमंत्रणं गेल्यावर कळलं. त्या खुर्चीतून ते पुन्हा उठले नाहीत. मला ती खुर्ची नको, शैला. हे काळं सॉफ्टवेअर आहे तोवर मी कोणाला कळू न देता काम करू शकते. ते गेलं की मी गेले."

मी म्हटलं, "शेठना सांगा. हल्ली बोलणारे कॉम्प्युटर असतात म्हणे. ते काहीतरी करतील."

"मागायचं म्हणजे आधी सांगायला हवं. आणि सांगितलं की खुर्ची आलीच." मग जरा थांबून म्हणाल्या, "ते नवीन चांगलंच आहे गं. सगळ्यांना आवडतं ते चांगलंच असणार. मी त्या सगळ्यांत बसत नाही, एवढंच." मला शपथ घातली. मी ती पाळली.

डिसूझाचं सॉफ्टवेअर आलं. यायचंच होतं. एका मोठ्या कारखान्याने कळवलं की गाडी फोनवर दिसत नसेल तर काम दुसऱ्याला देऊ, मग शेठ तरी काय करणार? त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. काही दिवस जुनं आणि नवं दोन्ही चालणार होतं आणि मग जुनं बंद.

मॅडमनी ते शिकण्यासाठी काय काय केलं ते फक्त मला ठाऊक. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की अक्षरं इतकी मोठी करायच्या की स्क्रीनवर एकच रकाना मावायचा. तो आपल्या सुरळीत पकडायचा, मग पुढचा शोधायचा. टॅब दाबला की नेमका भलतीकडे जायचा. माउसचा बाण एकदा हरवला की सापडायचा नाही. आणि आवाज नाहीच. नंबर चुकला तर रकान्याच्या कडा लाल होत, मुकाट्याने. मी दबक्या आवाजात सांगायचे, "लाल झालं." त्या नंबर पुसून पुन्हा घालायच्या. डबा उघडायचाच राहून जाई. त्यांच्या हातची कोलंबीची खिचडी मी एकटीने संपवली आहे, कारण डबा तसाच घरी गेलेला त्यांना चालत नसे.

मग ते झालं. जुनं बंद होऊन फार दिवस झाले नव्हते. बाळाराम नावाच्या आमच्या जुन्या ड्रायव्हरचा फोन आला. मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला होता. "मॅडम, मी तलोज्याला गेटवर उबा हाय. कंपनीवाले बोलतात, ह्यो कंटेनर आमचा नायच."

स्क्रीनवर एकाखाली एक दोन ओळी होत्या, मॅडमकडून वरचीऐवजी खालची दाबली गेली होती. तळोज्याचा कंटेनर पाताळगंगेला आणि तिथला तळोज्याला. कोणाला इजा नाही, माल नासला नाही, पण कारखान्याचं काम दिवसभर अडलं आणि त्यांनी शेठना वाटेल ते ऐकवलं. आमच्या धंद्यात अशा चुका होतात. माझ्या बिलांत तर दर आठवड्याला होतात. मी म्हणणार होते की नव्या सिस्टिमचा दोष आहे, सगळ्यांनी मान डोलावली असती. पण मॅडम उठल्या, टेबलाच्या कडेवरून हात फिरवत चालत गेल्या आणि केबिनचं दार उघडलं. दार उघडंच ठेवलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

"शेठ, चूक माझी आहे. मला दिसत नाही. कितीतरी वर्षं दिसत नाही."

नानाशेठ उभेच राहिले. त्यांचे डोळे भरून आले, मी दारातून पाहिलं. पुढे होऊन त्यांनी मॅडमचा हात धरला आणि आपल्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. मीही आत गेले, आता शपथ संपली होती. मी म्हटलं, "शेठ, डिसूझांना विचारा, आवाजाची काही सोय होईल का." त्यांनी लगेच फोन लावला. डिसूझा फार अदबीने बोलला. त्यांच्या सिस्टिममध्ये तशी सोय नव्हती. एका ऑफिससाठी वेगळं करता येत नाही, म्हणाला, जे सगळ्यांना चालतं तेच ते बनवतात.

शेठनी फोन ठेवला आणि मायेने म्हणाले, "मॅडम, तुमी आमच्या घरच्या. आता तुमी काय करू नका. नुसत्या बसा. पगार हाय तो चालू ऱ्हाईल."

मी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रागावून कोणी काढून टाकलं असतं तर त्या भांडल्या असत्या, मला खात्री आहे. चांगुलपणाशी काय भांडणार? त्या फक्त म्हणाल्या, "बरं."

खिडकीशी चांगली गादीची खुर्ची आली. आणि सगळे फार चांगले वागू लागले. चहा हातात, पाणी हातात. त्या उठल्या की कोणीतरी धावे. आवाज न करता चालत सगळे, जणू घरात आजारी माणूस आहे. नंबर वाचून दाखवणं आपोआप थांबलं, कारण आता नव्या मुली स्क्रीनवर बघूनच काम करत. मला कोणाचा राग यावा हेच कळत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांवर चिडत होते. मी मुद्दाम मोठ्याने नंबर वाचायचे, "टी तळोजा, यू उरण!" मॅडमची मान वळायची आणि पुन्हा खिडकीकडे जायची. एका सोमवारी त्या आल्या नाहीत. भावाने फोन करून सांगितलं की आता येणार नाहीत.

मी त्यांना भेटायला गेले ते शेवटचं. जुन्या पनवेलात, तळ्याच्या बाजूला, भावाचं घर. वहिनी सालस बाई. दारातच म्हणाल्या, "बसूनच असतात हो, काही म्हणजे काही करू देत नाही आम्ही." मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. लाकडी, रुंद हातांची खुर्ची, जुनी. कोणाची ते मी विचारलं नाही. इस्त्रीची साडी होती. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, "शैला, चप्पल बदललीस वाटतं."

मी हसले. शेठ कसे आहेत, बाळाराम कसा आहे, हे झालं. वहिनी मला सरबत देऊन आत गेल्या. तशी मॅडम पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "एखादा नंबर सांग ना."

मला सकाळचा एक पाठ होता. मी सांगितला, "पी पनवेल, के कर्जत, जे जासई, यू उरण..." त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालू लागली. टॅब, टॅब, अक्षरं, आकडे, तीच चपळाई, आणि मान खिडकीकडे. एंटर मारून त्या थांबल्या. डोकं किंचित कलतं करून, ऑफिसात थांबायच्या तशाच, कान देऊन थांबल्या.

खोलीत पंख्याचा आवाज होता. मी सरबतातला चमचा काढला आणि पेल्यावर एकदा वाजवला.

मॅडमचा चेहरा उजळला. बोटं त्यांनी पुन्हा पहिल्या जागेवर नेली आणि म्हणाल्या, "पुढचा सांग."